फळीचा इतिहास : घरी घडवलेल्या एका वाहनाविषयी

कॅलिफोर्निया राज्याच्या वाहनविषयक कायद्यात विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डाची व्याख्या दिलेली आहे. २०१५ साली मंजूर झालेली ही तरतूद १ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. वाहनाची शक्ती सरासरी १००० वॉटपेक्षा कमी असावी, सपाट रस्त्यावर त्याचा वेग ताशी २० मैलांच्या वर जाऊ नये, ते एकाच व्यक्तीला वाहून नेणारे असावे, इत्यादी अटी त्यात आहेत. परंतु व्याख्येची सुरुवात मोटारीपासून किंवा बॅटरीपासून होत नाही. ती होते उभे राहण्यासाठी केलेल्या फळीपासून. ही फळी ६० इंचांपेक्षा लांब आणि १८ इंचांपेक्षा रुंद नसावी. एकविसाव्या शतकातल्या एका वाहनाची ओळख पटवताना कायद्यालाही आधी लाकडापाशीच यावे लागले, असे म्हणता येईल. अर्थात फळी लाकडाचीच हवी असे कायदा म्हणत नाही. पण या वाहनाचा इतिहास मात्र तसे म्हणतो.

हा इतिहास सहसा दोन प्रकारे लिहिला जातो. एक, स्वारांचा इतिहास : कोणी कोणती कसरत प्रथम केली, कोणत्या रिकाम्या जलतरण तलावात कोण उतरले. दुसरा, शोधांचा आणि कंपन्यांचा इतिहास : पेटंट, चाके, विक्री, दिवाळखोरी. या दोन्हींत फळी असते, पण पायाखाली असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात तिच्याकडे, आणि विशेषतः घरी घडवलेल्या फळीकडे, पाहण्याचा प्रयत्न आहे. स्केटबोर्डाच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या प्रवासात फळी घरातून कारखान्यात गेली आणि विजेची मोटार आल्यावर पुन्हा घरात आली. हे कसे घडले, हे पाहिले तर 'घरी केलेले' या शब्दाचा अर्थही तपासून घेता येतो.

१

स्केटबोर्डाला जनक नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटा नसलेल्या दिवशी कंटाळलेल्या सर्फरांनी फळीला चाके ठोकली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि १९५० च्या दशकापुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु तिच्याआधी अमेरिकेतल्या अनेक शहरांत मुले एक खेळगाडी बनवत होती. रोलर-स्केटचे दोन तुकडे करायचे, लोखंडी चाकांसह ते लाकडी पट्टीच्या दोन टोकांना खिळ्यांनी ठोकायचे, पुढे फळांचे खोके उभे करायचे आणि त्याला धरून उतारावरून सुटायचे. कधीतरी कोणाचे तरी खोके मोडले आणि उरलेल्या पट्टीवर कोणीतरी उभे राहिले. 'कोणीतरी' हेच इथे कर्त्याचे नाव आहे. आपल्याकडे बेअरिंगच्या चाकांचा गाडा करणाऱ्या मुलांचीही नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती ओळखीची वाटेल. जात्यावरच्या ओवीला जशी एक मूळ संहिता नसते, असतात ते पाठभेद, तसेच या फळ्यांचे होते. प्रत्येक गल्लीत थोडी वेगळी लांबी, वेगळे लाकूड, वेगळे खिळे. एकाने केलेले दुसऱ्याने पाहिले, आपल्या हाताशी असलेल्या सामानानुसार बदलले आणि पुढे दिले.

याला छापील आवृत्ती मिळाली ती १९५९ च्या सुमारास, जेव्हा 'रोलर डर्बी' या नावाने कारखान्यात तयार झालेले बोर्ड दुकानांत आले. १९६३ मध्ये लॅरी स्टीव्हन्सन यांच्या 'मकाहा' कंपनीने सर्फ-फळीच्या आकाराचे बोर्ड बाजारात आणले. पाठोपाठ सर्फ-फळ्यांचे प्रसिद्ध कारागीर हॉबी आल्टर यांनी फळांचा रस विकणाऱ्या 'व्हिटा-पॅक्ट' कंपनीच्या भांडवलावर आपले बोर्ड काढले. फळांच्या खोक्यापासून निघालेली वस्तू फळांच्या रसाच्या पैशावर कारखान्यात पोहोचली, हा योगायोगच. या काळातील बहुतेक फळ्या एकसंध लाकडाच्या, बऱ्याचदा ओकच्या असत. चाके भाजलेल्या मातीसारख्या कठीण मिश्रणाची होती. बारीक खडा आला तरी ती अडत, आणि फळी थांबली तरी स्वार थांबत नसे. मे १९६५ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर स्केटबोर्डावर हातांवर उभ्या राहिलेल्या पॅटी मगी या तरुणीचे छायाचित्र झळकले. त्याच वर्षी अपघातांमुळे अनेक शहरांनी या खेळावर बंदी घातली आणि बाजार कोसळला. कारखाने बंद झाले, तरी मुले खेळत राहिली. बाजार नसताना ती ज्या फळ्यांवर खेळत होती त्या अर्थातच बऱ्याचशा घरी, किंवा शाळेच्या सुतारवर्गात केलेल्या होत्या.

या सुतारवर्गाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हस्तकौशल्याचे शिक्षण रुजले होते, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास करवत, रंधा, कानस हाताळणे ही शाळकरी मुलांच्या, प्रामुख्याने मुलग्यांच्या, नित्याची बाब होती. लाकडाशी असलेली ही सहज ओळख गृहीत धरल्याशिवाय घरगुती फळीचा इतिहास समजत नाही. आपल्याकडे सुतारकाम हा जन्माने वाट्याला आलेला व्यवसाय होता. ज्याचे ते काम नाही त्याने हौसेने पटाशी हाती धरावी, याला समाजात फारशी जागा नव्हती. १९३७ साली वर्ध्याला मांडल्या गेलेल्या नई तालीमच्या योजनेत सूतकताई, शेती यांबरोबर सुतारकामही शिक्षणाचे माध्यम म्हणून सुचवले होते. हात आणि जात यांची गाठ सोडवण्याचा तो एक गंभीर प्रयत्न होता. तो का रुजला नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तथापि 'हौशी कारागीर' ही व्यक्ती एखाद्या समाजात असणे वा नसणे हे केवळ साधनांवर अवलंबून नसते, एवढे यातून ध्यानात यावे.

२

१९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्थी यांनी युरेथेनची चाके स्केटबोर्डाला लावली आणि सगळे बदलले. मऊ, पकड घेणारी ही चाके खड्यांवरून जात, उतारावर वळत, भिंतीवर चढत. त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, स्टीव्हन्सन यांनी फळीचे मागचे टोक वर वळवले होते. त्या शेपटीवर पाय दाबून फळी उचलता येऊ लागली. चाके सुधारली तशी फळीकडून अपेक्षा वाढली. ती आता नुसते वजन पेलणारी पट्टी राहिली नव्हती. तिने वाकायला हवे होते, पण तुटता कामा नये; हलकी असायला हवी होती, पण आघात सोसायला हवा होता.

एकसंध लाकडाला हे जमत नाही. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने दुबळे असते. वळवलेली शेपटी एकसंध फळीतून कापून काढली तर वळणाच्या जागी तंतू आडवे कापले जातात आणि पहिल्याच जोरकस आघाताला ती तिथे चिरते. शिवाय दमट हवेत रुंद फळी पन्हाळीसारखी वाकते. म्हणून त्या दशकात फायबरग्लास, ॲल्युमिनियम, प्लास्टिक असे सर्व पर्याय आजमावले गेले. टिकले ते मात्र थरांचे लाकूड. या संदर्भात कॅनडातील विली विंकेल यांचे नाव आदराने घेतले जाते. साखरी मेपलच्या सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या पातळ पापुद्र्यांचे सात थर गोंद लावून एकमेकांवर रचायचे. त्यांतील बहुतेकांचे तंतू लांबीच्या दिशेने आणि साधारण दोघांचे आडवे. मग ही चळत साच्यात दाबून ठेवायची. गोंद सुकला की फळी साच्याचे वळण कायमचे घेते. तंतू कुठेही कापले जात नाहीत, ते वळणाबरोबर वळतात. उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांभोवतीच्या थंड प्रदेशात सावकाश वाढणारा हा मेपल घट्ट आणि चिवट असतो. आजही बहुतेक स्केटबोर्डांच्या फळ्या याच पद्धतीने होतात.

या सुधारणेचा एक परिणाम इतिहासात पुरेसा नोंदला गेलेला नाही. एकसंध फळी करायला करवत आणि कानस पुरे होती. थरांची फळी करायला दाब लागतो, आणि सर्व पृष्ठभागावर सारखा दाब देणे घरच्या शिकंज्यांना कठीण जाते. कारखान्यात ते काम हायड्रॉलिक प्रेस करतो, एका वेळी अनेक फळ्यांचे. म्हणजे फळी घराबाहेर गेली त्यामागे जाहिरात किंवा भांडवल एवढेच कारण नव्हते. तिची रचनाच अशी झाली की ती घरी करणे अवघड व्हावे. स्वार अधिक निर्भय होत गेला आणि त्याच वेळी तो केवळ ग्राहक होत गेला.

नेमक्या याच काळात स्केटबोर्डाला त्याचे वाङ्मय मिळाले. १९७५ पासून क्रेग स्टेसिक यांनी 'स्केटबोर्डर' मासिकात 'डॉगटाउन' परिसराविषयी लेख लिहिले; त्यांतले काही 'जॉन स्माइद' या टोपणनावाने. सांता मोनिका आणि व्हेनिस यांच्या दरम्यानच्या पडक्या किनाऱ्यावरील मुलांना या लेखांनी आणि छायाचित्रांनी दंतकथेचे रूप दिले. २००१ साली स्टेसी पेराल्टा यांनी केलेल्या माहितीपटाने ती दंतकथा जगभर नेली. त्याच वर्षी स्थापत्याचे अभ्यासक इयन बॉर्डन यांचा ग्रंथ आला. हेन्री लफेव्र यांच्या अवकाशविषयक विचारांच्या आधारे त्यांनी स्केटबोर्डिंग हे शहराचे एक वेगळे वाचन आहे, अशी मांडणी केली. दंतकथेच्या केंद्रस्थानी स्वार होता. समीक्षेच्या केंद्रस्थानी देह आणि शहर. दोन्ही मांडण्या मोलाच्या आहेत. पण दोन्हींत फळी आयती आलेली आहे, जणू तिला घडवावे लागतच नाही.

३

मोटार लावण्याची कल्पनाही जुनी आहे. १९७५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पेट्रोलवर चालणारा 'मोटोबोर्ड' आला. त्याचा आवाज आणि धूर यांमुळे १९७७ मध्ये राज्याने मोटारीच्या बोर्डांवर बंदी घातली. लेखाच्या आरंभी उल्लेखलेल्या तरतुदीने ती विजेच्या बोर्डांपुरती उठवली, तब्बल ३८ वर्षांनी. दरम्यान १९९० च्या दशकात लुई फिंकल यांनी दूरनियंत्रकावर चालणारे विजेचे बोर्ड तयार केले आणि १९९९ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पण शिशाच्या बॅटऱ्या जड होत्या. लिथियमचे घट स्वस्त झाले, छोट्या विमानांसाठी केलेल्या ब्रशविरहित मोटारी सहज मिळू लागल्या, तेव्हा चित्र पालटले. २०१२ मध्ये स्टॅनफर्डशी संबंधित तीन तरुणांनी लोकवर्गणीतून 'बूस्टेड' हे बोर्ड आणले. २०१५ मध्ये स्वीडनचे बेंजामिन वेडर यांनी मोटार-नियंत्रकाचा आपला आराखडा आणि आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर मोटार, बॅटरी आणि नियंत्रक यांची जुळणी घरी करणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

आणि इथे फळीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कसरतींसाठी केलेली सात थरांची, सुमारे ८० सेंटिमीटरची फळी या कामाला पुरत नाही. तिच्या पोटाखाली आता बॅटरी बसवायची असते. सर्रास वापरले जाणारे घट १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे असतात. ते निकेलच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. फळी वाकली की या पट्ट्यांवर ताण येतो. वारंवार वाकली की त्या तुटतात, आणि सैल झालेली पट्टी भलत्या जागी टेकली तर आग लागते. म्हणून फळी ताठ हवी. पण ताठ फळीवर रस्त्याचा प्रत्येक हादरा गुडघ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून ती लवचिकही हवी. या पेचातून प्रत्येक करणाऱ्याने आपली वाट काढली. कोणी बॅटरीचे लहान भाग करून ते लवचिक तारांनी जोडले. कोणी फळीचे मधले थर जाड केले. कोणी राउटरने फळीच्या पोटातच पोकळी कोरून घट आत बसवले. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, हे यंत्रशास्त्राचे साधे सूत्र इथे तळपायाला कळते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना पाय घसरू नये म्हणून फळी रुंदीच्या दिशेने किंचित अंतर्गोल करावी लागते. मोटार झटका देते तेव्हा शरीर मागे फेकले जाते, त्यासाठी उभे राहण्याची जागाही लांब हवी. या साऱ्या गरजा भागवणारी फळी दुकानात तयार मिळेलच असे नव्हते. 'बूस्टेड'ने स्वतः आपल्या पहिल्या बोर्डांसाठी 'लोडेड' या दुसऱ्या कंपनीची बांबू आणि फायबरग्लासची फळी घेतली होती.

चार दशकांपूर्वी प्रेसमुळे जी फळी घराबाहेर गेली, ती आता एका साध्या युक्तीने परत आली. टोरांटोतील कलाशिक्षक टेड हंटर यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत गोंद लावलेले थर फोमच्या साच्यावर ठेवून ते सगळे एका हवाबंद पिशवीत घालतात आणि हातपंपाने आतली हवा काढून घेतात. मग दाब देण्याचे काम वातावरण करते. पाव चौरस मीटरच्या फळीवर अशा वेळी सुमारे दोन टन भार पडतो, तोही सर्वत्र सारखा. लोखंडाचा प्रेस जे करतो ते बाहेरची हवा फुकट करते. रात्रभर थांबायचे, सकाळी पिशवी उघडायची, कडा जिगसॉने कापायच्या, कानस आणि पॉलिश पेपर फिरवायचा, चाकांच्या आसांसाठी आठ छिद्रे पाडायची.

ज्यांच्याकडे तेवढीही सामग्री नसते ते बर्चचे प्लायवुड आणतात. हा बर्च आपल्या भूर्जवृक्षाचा भाऊबंद. ज्याच्या सालीवर काश्मिरात पोथ्या लिहिल्या गेल्या त्याच कुळातले झाड बाल्टिक प्रदेशात थराथरांनी चिकटवून जगभर विकले जाते. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन लाकडाची आयात रोखली, तेव्हा या प्लायवुडच्या व्यापारालाही धक्का बसला. घरच्या मोरीत किंवा गॅरेजमध्ये केलेली फळीसुद्धा जगाच्या राजकारणापासून अलग नसते, याचे हे एक छोटे उदाहरण.

४

मार्च २०२० मध्ये 'बूस्टेड'ने बहुतेक कर्मचाऱ्यांना निरोप दिला आणि ती कंपनी संपली. ज्यांनी ते महागडे बोर्ड घेतले होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : बॅटरी बिघडली तर ती उघडायची कोणी, सुटे भाग आणायचे कुठून? वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, ही समजूत किती तकलादू आहे, ते तेव्हा कळले. ज्यांना जुळणी ठाऊक होती त्यांनी त्याच फळीखाली दुसरी बॅटरी आणि खुल्या आराखड्याचा नियंत्रक बसवला. कंपनी गेली, तिची आज्ञावली निरुपयोगी झाली, फळी मात्र चालती राहिली. लाकूड कोणालाही वाचता येते, कापता येते, त्याला नवे छिद्र पाडता येते. विजेच्या बोर्डातला सर्वांत जुना भागच सर्वांत खुला ठरला.

यावरून घरगुती फळीचे भाबडे गौरवगान करण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळायला हवा. मेपलचे पापुद्रे घरी निघत नाहीत. ओंडका फिरवत धारदार पात्याने ते सोलून काढणारी यंत्रे कारखान्यातच असतात. गोंद रासायनिक कारखान्यातून येतो. बॅटरीचे घट प्रामुख्याने पूर्व आशियातल्या अवाढव्य उद्योगांतून येतात. साच्याचे मोजमापही बऱ्याचदा दुसऱ्या कोणी आखून दिलेले असते. काटेकोरपणे पाहिले तर 'घरी केलेले' असे यात फार थोडे उरते. शिवाय ही हौस परवडण्यासाठी वेळ, जागा आणि पैसा लागतो. ज्यांच्याकडे हे तिन्ही नाही त्यांच्यासाठी ती स्वातंत्र्याची खूण ठरत नाही.

मग उरते काय? निर्णय उरतात, असे मला वाटते. किती थर, कोणता आडवा, किती वळण, बॅटरी कुठे, किती लवचिकता पत्करायची आणि किती धोका. कारखान्याच्या फळीत हे निर्णय आधीच झालेले असतात, आणि ते झाले होते हेही ग्राहकाच्या लक्षात येत नाही. घरी करणाऱ्याला ते एकेक करून घ्यावे लागतात, आणि चुकले तर त्याची किंमत त्याच्याच हाडांना मोजावी लागते. लेखकत्वाची चर्चा आपण संहितांच्या संदर्भात पुष्कळ केली. कर्त्याचा मृत्यू, वाचकाचा जन्म या परिभाषेला आपण सरावलो आहोत. पण ज्या कृतीवर कर्त्यालाच उभे राहायचे असते, तिथे कर्तृत्व इतक्या सहजी विसर्जित करता येत नाही.

इतिहासलेखनापुढची अडचण मात्र कायम आहे. पेटंटांची कागदपत्रे जपली जातात, प्रसिद्ध स्वारांचे बोर्ड संग्रहालयांत पोहोचतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयातही स्केटबोर्ड आहेत. घरी केलेली फळी वापरून झिजते, कडा उकलतात, पाणी शिरून थर सुटतात, आणि शेवटी चाके व आस काढून घेऊन लाकूड टाकून दिले जाते. तिचे दस्तऐवज नसतात. त्यामुळे कारखान्यांच्या नोंदींवरून लिहिलेला इतिहास बाजार बंद होता तेव्हा खेळही बंद होता, असा आभास निर्माण करतो. १९६५ नंतरची ती सात-आठ वर्षे कागदावर रिकामी दिसतात, पण ती रिकामी नव्हती. त्या काळात कोणीतरी करवत चालवत होते म्हणूनच नवी चाके आली तेव्हा ती लावायला फळ्या होत्या आणि उभे राहायला माणसे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने जसे लिखित परंपरेच्या मौनाला अभाव समजू नये, तसेच वस्तूंच्या इतिहासकारानेही विक्रीच्या आकड्यांतील पोकळीला अभाव समजू नये. तिथे शोधायचे असते ते नाव नसलेल्या हातांचे काम, आणि त्या कामाच्या खुणा बहुधा लाकडाबरोबरच गेलेल्या असतात.